रिकाम्या जागेला दिलेला पास

नवीन माणूस भेटला आणि "तुम्ही काय करायचात?" असं विचारलं, की मी "बँकेत होते" म्हणून मोकळी होते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. "बास्केटबॉल? म्हणजे उंचावरच्या त्या कड्यात चेंडू टाकतात तेच ना?" मग एकदा पायांपासून डोक्यापर्यंत माझ्याकडे बघणं होतं. मग, "पण तुमची उंची?"

माझी उंची पाच फूट चार इंच. चपला घालून पाच फूट पाच. या उंचीवर मी एकवीस वर्षं बँकेच्या संघातून बास्केटबॉल खेळले आणि त्या खेळाच्या जोरावरच साठाव्या वर्षापर्यंत नोकरी केली. गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात मॅनेजरांनी माझ्या "क्रिकेटमधील योगदानाचा" गौरव केला, तो मी नम्रपणे स्वीकारला.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावून सांगायचा तर असा. आपल्याकडे बास्केटबॉल खेळून पोट भरायचं म्हणजे एखाद्या बँकेत, सरकारी खात्यात, नाही तर मोठ्या कारखान्यात खेळाडूंच्या राखीव जागेवर चिकटायचं. संस्था तुम्हाला टेबल-खुर्ची देते, तुम्ही संस्थेला कप आणून द्यायचे. मी मिरजेची. शाळेच्या मागच्या खडबडीत मैदानावर शिकलेली. विसाव्या वर्षी मद्रासला निवडचाचणीला आले, तेव्हा आई म्हणाली होती, "निवड झाली नाही तर निदान मीनाक्षीचं देऊळ बघून ये." देऊळ मदुराईला आहे हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. निवड झाली. देऊळ अजून बघायचं राहिलंय.

दिवस असा जायचा. पहाटे साडेपाचला मैदान, कारण सात वाजले की चेन्नईचं ऊन माणसाला पापडासारखं भाजून काढतं. दहाला मैलापूरच्या शाखेत काउंटर. दोनला सुट्टी, आणि चारला पुन्हा मैदान. त्या दोन वाजताच्या सुट्टीवर अख्ख्या शाखेचा डोळा. "खेळाडूंना काय, बेरीज आली नाही तरी चालते," असं माझ्यासमोरच म्हणायचे. मीही हट्टाला पेटून बेरीज पक्की केली. एकदा जमाखर्च जुळेना म्हणून सगळे माना खाली घालून बसले होते आणि चूक मी शोधून काढली. त्यानंतरही बोलायचे, पण जरा हळू आवाजात.

गिऱ्हाइकांतही भक्त होते. एक पेन्शनर मामा दर सोमवारी पासबुक घेऊन यायचे आणि माझ्याच काउंटरवर उभे राहायचे. बाजूचा काउंटर रिकामा असला तरी. पासबुक निमित्तमात्र. आदल्या दिवशीची मॅच त्यांनी पाहिलेली असायची. "डावा हात कच्चा आहे, अम्मा," ते भर गर्दीत सांगत, "सगळी उजवीकडूनच जातेस. त्यांना कळतं ना!" मागे रांग खोळंबलेली. मी म्हणायची, "मामा, सही इथे करा." सही करता करता ते मला डाव्या हाताचा एक व्यायाम सांगून जात. तो मी गुपचूप केला आणि उपयोगही झाला, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत.

तर उंचीचं. पाच जणींच्या संघात सगळ्याच ताडमाड असून चालत नाही. एक माझ्यासारखी लागते. तिला पॉइंट गार्ड म्हणतात. चेंडू तिच्या हातात असतो आणि कुणाला, कधी, कुठे द्यायचा हे तिनं ठरवायचं. पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखं हे काम. कुणाच्या पानात काय संपलंय ते न विचारता कळायला हवं, आणि स्वतः जेवायची घाई करायची नाही. यातली खरी करामत म्हणजे न बघता दिलेला पास. तुम्ही एकीकडे बघता, समोरचीही तिकडेच बघते आणि चेंडू दुसरीकडे जातो. तिथे आपली मुलगी पोहोचणार हे तुम्हाला ठाऊक असतं. डोळ्यांना नव्हे, हातांना ठाऊक असतं. ते व्हायला वर्ष दीड वर्ष रोज एकत्र घाम गाळावा लागतो. मला अशी जोडीदारीण आयुष्यात एकच मिळाली.

ती आली तेव्हा मी तेहेतीस वर्षांची, संघाची कप्तान आणि सगळ्यांची अक्का. ती एकोणीस. सहा फूट एक इंच. यादीत नाव होतं 'पद्मिनीबाई'. मी हसले. आमच्याकडे बाई म्हणजे शाळेतल्या, छडी घेतलेल्या. ही तर दारातून वाकून आत येणारी, लाजून स्वतःच्या बुटांकडे बघणारी पोर. मी तमिळमध्ये विचारलं, "बाई का गं लावतेस?" तिनं उत्तर दिलं ते मराठीत. "आमच्यांत अस्सेच, अक्का. आम्ही तंजावूरचे."

ते मराठी ऐकून मी गारच पडले. शब्द आपलेच, पण जुने, आणि सूर पुरा तमिळ. वाक्य जिथे खाली यावं तिथे वर जायचं. तिच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला त्याला शेकडो वर्षं झाली होती आणि मिरज कुठे आहे हे तिला नकाशात दाखवावं लागलं. पण मैदानावर आम्हाला एक गुप्त भाषा मिळाली. समोरच्या संघाला तमिळ कळायचं, इंग्रजी कळायचं, आमचं "मागनं ये गं" कुणाला कळायचं नाही.

रविवारी सकाळचा सराव आटोपला की ती मला चेन्नईच्या दक्षिण टोकाला, तांबरमला, घरी घेऊन जायची. वडील रेल्वेत होते, ते गेलेले. घरात ती आणि तिची अम्मा. अम्मा साडेपाच फुटांची, ही सहा फूट एक. "हिचे बाबाही असेच," अम्मा सांगायची, "पंख्याला डोकं लागायचं." पहिल्या रविवारी पानात डांगर पचडी आली. उडदाचं पीठ कालवलेलं दही. मी म्हटलं, "अहो, हे तर आमचं डांगर!" अम्मा माझ्याकडे रोखून बघून म्हणाली, "तुमचं कसं? आमचं." त्यावर वाद घालत मी तीनदा वाढून घेतलं. मग दर रविवारी माझं पान ठरलेलंच.

पद्मिनीबाईची, म्हणजे आमच्या पद्माची, नोकरी मात्र पक्की नव्हती. तोवर बँकेचे नियम बदलले होते. नवीन खेळाडूला दोन वर्षांच्या करारावर घ्यायचं. दुसऱ्या वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत संघ पहिल्या तिघांत आला तर नोकरी कायम, नाही तर आभार मानून निरोप. इकडे तिच्या मामानं घरी सांगून ठेवलेलं, "दोन वर्षं खेळ. पक्की झालीस तर तुझं तू बघ. नाही झालीस तर मी दाखवीन तिथे लग्न." स्थळही येऊन बसलं होतं. मुलाकडच्यांची अट अशी की मुलीनं खेळ सोडावा, आणि लग्नाच्या फोटोत बसून राहावं. पद्मा मला म्हणाली, "अक्का, जन्मभर बसून कशी राहूं?"

हसू आलं होतं मला. पण घरी गेल्यावर आलं नाही. कप्तान मी, चेंडू माझ्या हातात. तिच्या दोन वर्षांचं काय होणार हे पुष्कळसं माझ्यावर होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

आम्ही झपाटून सराव केला. आमची एक चाल होती. मी उजवीकडून आत घुसायची. दोघीतिघी माझ्या अंगावर धावून यायच्या. तेवढ्यात पद्मा त्यांच्या पाठीमागून सरकत कड्याच्या डाव्या अंगाला यायची, आणि मी न बघता चेंडू तिकडे टाकायची. पुढे तिला फक्त हात वर करून चेंडू कड्यात ठेवायचा असायचा. आम्ही ती चाल हजारो वेळा केली असेल. शेवटी शेवटी कोच म्हणायचे, "पुरे, आता झोपेतही कराल." ते त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं.

ती मोठी स्पर्धा त्या वर्षी चेन्नईतच होती. उपांत्य सामना आम्ही हरलो. आता तिसऱ्या जागेसाठी केरळच्या एका संघाशी गाठ. संध्याकाळची वेळ, उघडं सिमेंटचं मैदान, चारी बाजूंना माणसं. अम्मा पहिल्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन. त्या दिवशी पद्मा अशी खेळली की समोरच्या संघाचे कोच नुसते कपाळाला हात लावून बसले होते.

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणानं पुढे होतो. कड्याखाली चौघीपाचजणींची झोंबाझोंबी झाली, शिट्टी वाजली. फाउल आमचा होता एवढं पंचांना दिसलं, पण कुणाचा हे त्या हातांच्या गुंत्यात कळेना. आमच्या पिढीला एक रीत शिकवलेली. फाउल केला असेल तर ज्याचा त्यानं हात वर करायचा, म्हणजे टेबलावर बसलेल्या माणसाला कुणाच्या नावावर मांडायचा ते कळतं. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. पद्माचे चार झाले होते. माझे दोनच.

खरं सांगते, माझा हात निघाला होता. खोटा. पण त्याआधीच माझ्या डोक्याच्याही वर, सगळ्यांच्या वर, एक लांबलचक हात सरळ उभा राहिला. सहा फूट एक इंचाच्या मुलीचा हात अख्ख्या मैदानाला दिसतो. ती बाहेर गेली आणि बाकावर जाऊन बसली. तिच्या जागी कविता नावाची नवी मुलगी आली. घाबरलेली, पण सांगितलेलं तंतोतंत करणारी. कोचनी तिला सांगितलं, "तू बाहेर उजव्या कोपऱ्यात उभी राहा, तिथून हलू नकोस."

त्या फाउलवर त्यांनी दोन गुण केले आणि आम्ही एकानं मागे पडलो. मग दोन्हीकडून नुसती धावाधाव, गुण कुणालाच नाही. शेवटचे आठ सेकंद. चेंडू माझ्याकडे. मी उजवीकडून घुसले. एक जण आडवी आली, मी तिला चुकवलं. दुसरी धावली, तिसरी धावली. कडं माझ्या समोर होतं. उडी मारून मीच टाकू शकले असते. उजव्या कोपऱ्यात कविता मोकळी उभी होती, तिलाही देऊ शकले असते. मी काय केलं? मी न बघता डावीकडे पास टाकला.

सुंदर पास होता. हव्या त्या उंचीवर, हव्या त्या वेगानं. फक्त तिथे कुणी नव्हतं. चेंडू रिकाम्या जागेतून सरळ बाहेर गेला आणि प्रमुख पाहुण्यांसाठी आणलेल्या कॉफीच्या ट्रेवर जाऊन पडला. लोक आधी हसले. मग शिट्टी वाजली.

त्यानंतर काय काय झालं ते नीट आठवत नाही. अम्मानं डबा उघडला नव्हता एवढं आठवतं. पद्मा माझ्याजवळ येऊन "परवाइल्ल, अक्का," म्हणाली, म्हणजे असू दे. मी तिच्याकडे बघितलं नाही. "रविवारी येते," एवढंच पुटपुटले आणि बस धरली.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. लिहिलं होतं की चूक माझी आहे, तिची नाही, माझी शिक्षा तिला देऊ नका. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, नियमात संघाचा क्रमांक लिहिलाय. कुणी कुठे पास दिला हे लिहिलेलं नाही." महिनाअखेरीस पद्माचा करार संपला.

आणि मी रविवारी गेले नाही. पहिल्या रविवारी हिंमत झाली नाही. दुसऱ्या रविवारी पहिल्या रविवारची लाज होती. तिसऱ्याला दोन्हींची. कुणीतरी म्हणालं, ती शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला लागली. लग्न झालं की नाही ते कळलं नाही, मी विचारलंही नाही. मी पुढे सात वर्षं खेळले, दोन कपही जिंकले. पण ती चाल पुन्हा कधी केली नाही. नवीन मुलींनी विचारलं तर "ती जुनी झाली" म्हणायची. घाबरट होते मी. मैदानावर तिघींच्या मधून घुसणारी बाई एका घराची कडी वाजवायला घाबरली.

त्या सामन्यानंतर एकोणीस वर्षांनी माझी बदली झाली ती नेमकी तांबरमला. मी ती रद्द करून घ्यायला जंग जंग पछाडलं. गुडघ्याचं कारण दिलं, डॉक्टरची चिठ्ठी जोडली. वरून उत्तर आलं की तांबरमची शाखा तळमजल्यावर आहे, गुडघ्याला उत्तम.

नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनरांची जत्रा भरते. दरवर्षी त्यांना स्वतः येऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. आता बोटाचा ठसा मशीनवर घेतात, पण म्हाताऱ्यांची बोटं झिजलेली, मशीन ओळखतच नाही. मग आम्ही माणसाकडे बघून कागदावर शिक्का मारतो. अशाच एका सकाळी मी मान खाली घालून शिक्के मारत होते आणि काउंटरवर सावली पडली. मान वर केली, तरी चेहरा दिसेना. अजून वर केली.

पद्मा. केस पांढरे व्हायला लागलेले, गळ्यात शिट्टी. हाताशी अम्मा, तेव्हाहून निम्मी झालेली.

"अक्का," ती म्हणाली. जणू कालच भेटलो होतो.

मी अम्माचा कागद घेतला, उलटा धरला, सुलटा केला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या स्थळाचं काय झालं गं?"

"तेच नको म्हटले. बघायला आले तेव्हां मी उभी राहिलें."

मागच्या रांगेतल्या कुणाला हे कळलं नाही, पण आम्ही दोघी खदखदून हसलो. मग तिनं भराभर सांगून टाकलं. कारखान्यात सहा वर्षं काढली. शर्ट तपासता तपासता क्रीडाशिक्षकाचा कोर्स केला. आता इथल्याच एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. नवरा पाच फूट सहा, सासरी न नेता तोच इथे राहायला आला. "बल्ब मीच बदलतें," ती म्हणाली.

हसणं संपलं. मागून कुणीतरी खाकरलं. मी म्हटलं, "पद्मा, तो पास..."

"तो पास चुकला नव्हता, अक्का," ती म्हणाली. "बाकावर बसल्या बसल्या मी दोन्ही हात पुढें केलें होतें."

मी डोळे पुसले. भर काउंटरवर, शिक्क्याच्या हातानं, त्यामुळे शाई गालाला लागली ती वेगळीच. वाटलं, सुटले. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. आवाज चढवला नाही, फक्त हसू गेलं.

"त्याचा राग माला कधींच आला नाहीं. पण तुम्ही रविवारीं येतें म्हणून सांगितलांत. अम्मा पान मांडून बसली. त्याच्या पुढल्या रविवारींही बसली. तेवढं बरं नाहीं केलात."

अम्माला ऐकू कमी यायचं. ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. ओळखलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मी उभी राहिले आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हटलं, "चुकलं माझं." अम्माला ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यांदा म्हटलं. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले, त्यांना वाटलं शिक्का चुकला.

"सेरी," पद्मा म्हणाली, म्हणजे ठीक आहे. "रविवारीं या. घर तेंच आहे."

रविवारी मी तांबरमला उतरले. स्टेशनच्या पश्चिमेचं सगळंच बदललंय, तरी रस्ता कुणाला विचारावा लागला नाही. स्टेशनपासून ते घर, माझ्या दुखऱ्या गुडघ्यानंही, सात मिनिटांवर आहे. मी घड्याळ लावून बघितलं.